नाना विहिरीला वळसा घालून गेले

नानांचं उत्तर कागदावर असं नोंदलेलं आहे. प्रश्न : 'आपण त्या जागी खरोखर आहोत असं किती वाटलं?' उत्तर : १. एक ते सात या पट्टीवरचं सगळ्यात खालचं घर. समासात माझ्या अक्षरात त्यांचं वाक्य : "म्या कुठं जातो? हितंच व्हतो की, तुमच्या खोलीत."

त्याच वेळचं मोबाईलवरचं चित्रीकरण निराळंच काही सांगतं. बाकं बाहेर काढलेली वर्गखोली. नाना दारापासून समोरच्या खिडकीकडे निघतात. वाट सरळ, मधे काही नाही, नुसती शहाबादी फरशी. दोन-तीन पावलं ते बिनदिक्कत जातात, मग थबकतात. उजवा पाय इंचभर पुढं सरकवून मागं घेतात. मग अंग मागं झुकवून, पावलं आडवी टाकत, भिंतीच्या कडेकडेनं पूर्ण वळसा घालून खिडकीशी पोचतात. ते थबकले तिथून पुढं एक विहीर होती. त्यांनी डोळ्यांवर चढवलेल्या, आभासी दृश्य दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये होती, फरशीवर नव्हती.

एकाच माणसाच्या एकाच वेळच्या या दोन नोंदी. तोंड म्हणतं गेलोच नाही, पाय म्हणतात विहीर आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे कळायला मला दोन महिने लागले, आणि कळलं तेही नानांनीच सांगितल्यावर.

माणूस आणि प्रसंग

नाना हे त्यांचं नाव नव्हे. गाव त्यांना तसं म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. वय सत्तरीच्या पुढं. अंबाजोगाईपासून पाऊण तासावर, बालाघाटाच्या उतारावर त्यांचं गाव. चाळीसेक वर्षं त्यांनी विहिरी खोदल्या. आधी पहार, घण आणि डोक्यावरची पाटी. पुढं दगडमाती वर ओढणारी यारी आली, सुरुंग आले. आता बोअरच्या जमान्यात ते काम फारसं उरलं नाही, पण पंचक्रोशीत कुणाला विहिरीचा गाळ काढायचा असला की नानांना बोलावणं जातंच. उतरायला नाही, काठावर बसून सांगायला.

त्यांचा नातू अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा प्रकल्प होता विहिरीत उतरणाऱ्यांसाठी सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा. कठडा नसलेला काठ, ओली पायरी, चुकीची गाठ, तळाशी साचलेली कोंदट हवा, असे धोके हेडसेटमध्ये दाखवायचे, म्हणजे चुकायचं ते तिथंच चुकून होईल. कल्पना चांगली होती. प्रश्न एवढाच की बघणाऱ्याला ती विहीर विहीर वाटते का, आणि वाटते हे मोजायचं कसं. मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून तो माझ्याकडे आला. महाविद्यालयातली एक खोली दिवाळीच्या सुट्टीत रिकामी होती, ती मिळाली.

आधी त्यानं स्वस्तातला प्रयोग करून पाहिला होता. गावातल्या विहिरीच्या काठावर तिवईवर कॅमेरा ठेवून चौफेर व्हिडिओ घेतला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाईल बसवून मित्रांना दाखवला. मित्र खुर्चीत बसलेले, कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. सगळ्यांनाच आपण अधांतरी आहोत असं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे मान वळवली तर चित्र वळायचं, पण पुढं वाकून विहिरीत डोकवायला गेलं की अख्खी विहीरच तोंडाबरोबर पुढं यायची. दोघांना मळमळलं. डोकं पुढं गेलं तर काठाआडचं थोडं जास्त दिसलं पाहिजे, हा आपल्या शरीराचा जन्मापासूनचा हिशेब आहे. तो चुकला की विहीर भिंतीवरच्या कॅलेंडरासारखी होते. म्हणून मग डोक्याची जागाही टिपणारा हेडसेट त्यानं विभागाकडून मागून आणला आणि संगणकावर विहीर नव्यानं रचली. खोली लहान, म्हणून विहिरीचं तोंड जेमतेम पाच-सहा फूट. पण विहीर खोल भरपूर, आठ परूस, म्हणजे एकावर एक आठ माणसं उभी राहतील एवढी.

विद्यार्थ्यांवरच्या चाचण्या पुस्तकात लिहिल्यासारख्या झाल्या. किंचाळ्या, हसणं, पट्टीवर पाच आणि सहा. नानांना तो सहज घेऊन आला, आजोबांना गंमत वाटेल म्हणून.

शब्दांपाशी अडलेलं घोडं

आपण दाखवलेल्या जागी खरोखर आहोत असं वाटण्याच्या या अनुभवाला इंग्रजीत प्रेझेन्स म्हणतात. शब्दाचा प्रवास यंत्रमानवांपासून सुरू झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक मार्विन मिन्स्की यांनी १९८० साली टेलिप्रेझेन्सची कल्पना मांडली : माणूस इथं बसून दूरवरचे यांत्रिक हात चालवील, आणि ते काम इतकं नेमकं व्हावं की आपण तिकडंच आहोत असं त्याला वाटावं. १९९२ पासून एमआयटी प्रेसचं 'प्रेझेन्स' नावाचं नियतकालिक निघू लागलं आणि आभासी जगातल्या 'तिथं असण्या'वर रीतसर संशोधनाची शाखाच उभी राहिली. त्या शाखेतलं सर्वांत जास्त वादात सापडणारं आणि मला सर्वांत उपयोगी वाटणारं नाव मेल स्लेटर यांचं. त्यांनी एक भेद आग्रहानं धरला. यंत्र किती रुंद चित्र दाखवतं, किती झटपट प्रतिसाद देतं, किती इंद्रियांना पुरतं, हा यंत्राचा गुण, त्याला ते इमर्शन म्हणतात. त्यानं माणसाच्या आत काय होतं ती वेगळी गोष्ट. चुलीचा जाळ मोजता येतो. चटका ज्याला बसला त्यालाच विचारावा लागतो.

विचारायचं तर मराठीत विचारायला हवं, आणि तिथंच आमचं अडलं. 'उपस्थिती' म्हटलं की नातवानं विचारलं, "सर, हजेरी घ्यायची का?" त्याचं चुकलं नव्हतं, शाळेपासून या शब्दाचा त्यानं दुसरा उपयोग पाहिलेलाच नाही. 'भास' हा शब्द सुटसुटीत, पण आमच्याकडच्या खेड्यात भास होतो तो अमावास्येला, पिंपळाखालून येताना, आणि तसा झाला असं कबूल करणं म्हणजे डोकं फिरल्याची कबुली. इमर्शनला कोशात 'निमज्जन' आहे. विहिरीच्या प्रयोगात माणसाला 'तुमचं निमज्जन किती झालं' असं विचारणं बरं दिसलं नसतं.

'तल्लीन' हा शब्द बऱ्याच जणांनी सुचवला. तो मोहक आहे, पण चूक आहे. कीर्तनात माणूस तल्लीन होतो. समोर विठ्ठल चालत आला तर दचकेल. उलट गावातल्या सत्कार समारंभात, सहावा वक्ता बोलायला उठतो तेव्हा, आपण तिथं शंभर टक्के असतो आणि तल्लीन अजिबात नसतो. गुंतणं आणि असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संशोधकांमध्येही या दोन्हींची गल्लत करण्यावरून बरीच भांडणं झाली आहेत. शेवटी आम्ही 'तिथं असल्यागत वाटणं' एवढ्यावर थांबलो. साधं आहे, कुणालाही कळतं. त्यातला 'तिथं' हा शब्द पुढं आम्हाला फसवणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

प्रश्नावल्या तयार मिळतात. विटमर आणि सिंगर यांची १९९८ची, बत्तीस प्रश्नांची, फार वापरली जाते. जर्मनीतल्या एका गटाची चौदा प्रश्नांची आहे. आम्ही त्यांच्या धर्तीवर सहा प्रश्न केले, बोलभाषेत, एक ते सातच्या पट्टीवर.

पहिली खेप

नानांनी चपला दाराबाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. शाळा-कॉलेजच्या खोलीत चपला घालून जायचं नसतं. टोपी काढायला मात्र ते तयार झाले नाहीत, आणि मीही आग्रह धरला नाही. परक्या माणसांसमोर बोडकं व्हायला सांगून वर 'सहज वाटतंय ना' असं विचारण्यात अर्थ नव्हता. हेडसेटचा पट्टा टोपीवरूनच आवळला. बोटाला कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर, कारण नाडी मोजायला आमच्याकडे तेवढंच होतं. तो चालताना नीट दाखवत नाही, म्हणून थांबल्यावरचेच आकडे धरले.

पहिल्यांदा त्यांना नुसतं शेत दाखवलं. सपाट रान, कडेला बांध, लांब डोंगर. याच खोलीत, याच वाटेनं, दारापासून खिडकीपर्यंत ते सरळ चालत गेले. "तूर बरी हाय," म्हणाले. ही खेप आम्ही सवयीसाठी घेतली होती. पुढं तिचा फार उपयोग झाला.

मग विहीर आणली. सुरुवातीला सांगितलेला वळसा तो हाच. वळसा घालताना ते भिंतीच्या फार जवळ गेले. अशा वेळी माणूस आपटू नये म्हणून हेडसेट आपणहून निळ्या रेघांची जाळी दाखवतो. आमच्या भाषेत ही जाळी म्हणजे अनुभवाचा सत्यानाश. ती दिसली की माणसाला आपण खोलीत असल्याचं आठवतं. नाना म्हणाले, "कडंनी तारेचं कुंपण केलं ते ब्येस केलं. गुरं पडत्यात."

मग ते काठाशी आले, उकिडवे बसले, मान पुढं काढून आत बघितलं. आणि विहिरीची चिरफाड सुरू झाली.

"ही जमीन कुणी उलटी घातली?"

नातवाला कळेना. रचना करताना त्यानं वरच्या बाजूला काळा पाषाण लावला होता आणि खाली तांबूस मुरूम, रंगसंगती चांगली दिसते म्हणून. नानांनी त्याला थर मोजून दाखवले. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक, मग काळा पाषाण. पाषाण फोडून गेलं की कधी मधेच गेरूचा पट्टा लागतो, कधी परत मांजऱ्या लागतो, ते मान्य; लाव्ह्याचे थर एकावर एक साचत आलेली ही जमीन आहे, तिच्यात कठीण-मऊ आलटून पालटून येतंच. "पर मातीच्या जागी पाषाण अन् बुडाला मुरूम? मुरमाची विहीर उभी तरी ऱ्हाईल का, बांधल्याबिगर?"

पुढं : पारवे नाहीत. विहिरीत पारवे नसतात असं कधी होतं का? पाणी निळं. आकाश दाखवणारं पाणी निळं असतं, पण आठ परूस खालचं पाणी काळं दिसतं. उतरायच्या आधी कंदील सोडला का? मग त्यांना दगड टाकायचा होता. कंट्रोलर दाबून दगड उचलणं जमेना, म्हणून नातवानं लॅपटॉपवरून सोडला. दगड निघाला आणि लगेच 'डुबुक' वाजलं. आवाज दगड सोडण्याच्या क्षणाशीच जोडलेला राहिला होता.

"दिसायला आठ परूस, ऐकायला एक परूस," नाना म्हणाले.

हा शेरा मी नंतर गणितानं तपासला. एवढ्या खोलीवरून दगड पाण्यावर पडायला सुमारे पावणेदोन सेकंद लागतात. नानांनी आयुष्यभर विहिरींची पाण्यापर्यंतची खोली अशीच मोजली आहे, दगड टाकून, मनातल्या मनात आकडे म्हणत. विद्यार्थ्यांपैकी एकालाही आवाजातली चूक लक्षात आली नव्हती. मलाही नाही.

हेडसेट काढल्यावर प्रश्न विचारले. पट्टी बघून नानांचा पहिला सवाल : "सात कामून? दहा न्हाई, सोळा न्हाई, सातच?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर १ आलं. नातू जरा हिरमुसला, म्हणाला, "नाना, असं करा, रुपयात किती पैसे वाटलं ते सांगा." नाना हसले. "पन्नासच्या आत धर. वर लिवलं की काही मिळत न्हाई."

खोलीत हशा पिकला. मराठवाड्यात कुणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही : वर्षानुवर्षं पिकाची पैसेवारी, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं तो सरकारी अंदाज, पन्नासच्या खाली लागली तरच दुष्काळाच्या सवलती मिळायच्या. पण मी ते वाक्य लिहून ठेवलं, कारण विनोदाखाली एक खरी अडचण होती. कागद घेतलेला माणूस समोर बसून आकडा विचारतो तेव्हा आमच्या शेतकऱ्याला त्या आकड्याचा पूर्वानुभव असतो. आकडा हा व्यवहार असतो. तो अनुभवाचं माप आहे असं फक्त आम्ही समजतो.

तीन मापं, तीन उत्तरं

आता हिशेब मांडू. प्रश्नावली म्हणते : अनुभव शून्याच्या जवळ. नाडी म्हणते : शेतात ७४, काठावर ७६, म्हणजे काहीच नाही. पाय म्हणतात : विहीर आहे.

नाडीचं आधी घेतो, ते सोपं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मीहन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली नेमका असाच खड्डा वापरला होता. जमिनीत सुमारे वीस फुटांची पोकळी, कडेनं अरुंद जागा. त्यांनी नाडी, घाम आणि त्वचेचं तापमान मोजलं. त्यात नाडी सर्वांत भरवशाची निघाली. सेकंदाला पंधराऐवजी तीस चित्रं दाखवली की ठोके अधिक वाढत. पायाखाली दीड इंच उंचीची खरी लाकडी फळी ठेवली की आणखी वाढत. उत्तम काम आहे ते. पण त्या मापाला एक अट आहे, आणि ती त्यांनी शीर्षकातच घातली आहे : ताण देणारं वातावरण. खड्डा बघून ज्याला भीती वाटते त्याच्यापुरतीच नाडी 'असणं' मोजते. नानांना खऱ्या विहिरीच्या काठावरही भीती वाटत नाही. खोट्या विहिरीत नाडी वाढली असती तर उलट मला शंका आली असती.

नातवाचं नेमकं उलटं. त्याची नाडी काठावर शंभरच्या वर गेली, त्यानं पट्टीवर सहा दिले, आणि हसत हसत विहिरीवरून हवेत चालत गेला. खेळांमध्ये तो हजार वेळा पडून पुन्हा उठला आहे. त्याच्या शरीरानं भीती घेतली, पण पडण्याचा परिणाम घेतला नाही. कोण अधिक 'तिथं' होतं?

प्रश्नावलीचं दुखणं जुनं आहे. २००० साली उसोह, स्लेटर आणि सहकाऱ्यांनी एक मजेशीर चाचणी केली. काही जणांना खऱ्या कार्यालयात वस्तू शोधायला लावली, काहींना त्याच कार्यालयाच्या आभासी प्रतिकृतीत, आणि दोघांना त्याच प्रश्नावल्या दिल्या. खऱ्या खोलीत प्रत्यक्ष उभा असलेला माणूस आणि हेडसेटमधला माणूस यांच्यात विटमर-सिंगर प्रश्नावलीला फरक करता आला नाही. पुढं २००४ मध्ये स्लेटर यांनी आणखी खोचक प्रयोग केला : 'काल तुमचा दिवस किती रंगीत गेला' असा निरर्थक प्रश्न इतर प्रश्नांत मिसळून लोकांना विचारला. लोकांनी उत्तरं दिली, आणि त्या उत्तरांतून संख्याशास्त्राच्या नियमात बसणारे संबंधही निघाले. विचारलं की माणूस उत्तर देतो. म्हणून ती गोष्ट त्याच्या डोक्यात आधीपासून होती असं ठरत नाही.

मग पायांवर विश्वास ठेवायचा का? इथं घाई करू नये. नानांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. हेडसेट जड, टोपीवरून घसरणारा; म्हातारा माणूस जपून चालणारच. पण मग शेताच्या दृश्यात ते त्याच फरशीवरून सरळ कसे गेले? नातवाला बरं वाटावं म्हणून वळसा घातला म्हणावं, तर त्याला बरं वाटावं म्हणून आकडा तरी मोठा सांगितला असता. एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही, पण साधी स्पष्टीकरणं इथं पुरत नाहीत एवढं खरं.

स्लेटर यांनी २००९ मध्ये मांडलेला भेद इथं चपखल बसला. ते म्हणतात, आपण ज्याला एक समजतो ते दोन भ्रम आहेत. एक जागेचा : वाकलं, वळलं, बसलं की दृश्य शरीराच्या अपेक्षेप्रमाणे बदलतं, म्हणून जागा खरी वाटते. दुसरा घडण्याचा : इथं जे चाललंय ते विश्वास ठेवण्याजोगं आहे, जगाच्या रीतीला धरून आहे. एक शाबूत राहून दुसरा मोडू शकतो. नानांचा दुसरा भ्रम पहिल्या मिनिटात मोडला. थर उलटे, पारवे गायब, आवाज आधी. त्या विषयातला जाणकार असला की हा भ्रम टिकवणं महाकठीण. विद्यार्थ्यांना विहीर माहीतच नव्हती, म्हणून ते फसले. पण नाना उकिडवे बसून डोकावले तेव्हा समोरची भिंत जशी उघडत जायला हवी तशी गेली, आणि शरीरानं तेवढ्यावर निकाल दिला. ही खोटी विहीर आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खोट्या विहिरीतही पाय कोण घालणार?

इतपत मी लिहून काढलं आणि प्रकरण सुटलं असं समजलो.

खोलीत विहीर

जानेवारीत, दुसऱ्या खेपेच्या आधी चहा पिताना मी नानांना सरळच विचारलं. "नाना, त्या दिवशी वळसा कामून घातला?"

"विहीर हाय ना तिथं."

"पण तुम्ही तर म्हणालात, मी कुठं गेलो नाही, खोलीतच होतो."

"मंग?" नानांना माझी कीव आली असावी. "खोलीतच व्हतो. खोलीत विहीर व्हती."

माझ्या सहाही प्रश्नांत 'तिथं' होतं. तिथं गेल्यासारखं, तिथं असल्यागत, तिथून परत आल्यासारखं. म्हणजे माणूस प्रवासाला जातो हे मी गृहीत धरलं होतं. नाना गेलेच नव्हते. विहीर आली होती. त्यांच्या उत्तरातला १ हा आकडा शंभर टक्के प्रामाणिक होता, आणि पायांशी त्याचं कसलंच भांडण नव्हतं.

लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे हे मी वाचलेलं होतं. लोम्बार्ड आणि डिटन यांनी १९९७ मध्येच लिहून ठेवलंय की प्रेझेन्सचे वेगवेगळे अर्थ होतात : तुम्ही तिथं जाता, ते इथं येतं, किंवा आपण दोघं एका जागी येतो. पण हेडसेटच्या बाबतीत बहुतेक प्रश्नावल्या पहिलाच धरतात, आणि मीही डोळे झाकून तोच धरला.

आता जे लिहितो तो निव्वळ माझा तर्क आहे. आमच्याकडं लग्नानंतर घरात गोंधळ घालतात. गोंधळी संबळ वाजवत एकेका ठिकाणच्या दैवताचं नाव घेऊन त्याला बोलावतात, तुळजापूरच्या भवानीपासून सगळ्यांना. आपण रात्रभर तुळजापूरला जात नाही. तुळजापूर अंगणात येतं. चौक भरलेला असतो तेवढ्या जागेतून कुणी पाय टाकून जात नाही, वळसा घालतात. या रिवाजात वाढलेल्या माणसाला 'ते इथं आलं' हे 'मी तिथं गेलो'पेक्षा जास्त स्वाभाविक वाटत असेल का? मोजलेलं नाही. पण पुढची प्रश्नावली कुणी मराठीत करणार असेल तर दोन्ही दिशांचे प्रश्न ठेवावेत, एवढं मी आता ठामपणे सांगीन.

दुसरी खेप

नातवानं थर सुलटे केले. आवाजाला पावणेदोन सेकंदांचा उशीर दिला. पारवे घातले, ते जरा जास्तच झाले. खोलीत ताडपत्री अंथरून तिच्यावर खरा मुरूम पसरला, कारण पहिल्या खेपेनंतर नाना म्हणाले होते, "डोळ्याला मुरूम अन् तळपायाला फरशी." विद्यार्थी बूट घालून आले होते, त्यांना हे कळायचं कारणच नव्हतं. विहिरीच्या काठाच्या जागी चार बोटं उंचीचे दगडी चिरे मांडले, मीहन यांच्या फळीची आमची आवृत्ती. मुरूम आणायला नातू मोटारसायकलवरून दोनदा टाकळीकडे गेला आणि झाडायला शिपाईमामांनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या वेळी नानांनी वळसा घातला नाही. ते थेट काठाशी गेले, अंगठ्यानं चिरा चाचपला आणि त्याच्यावर भार टाकला. दगड सोडला. ओठ हलत होते. आकडे म्हणत असावेत. 'डुबुक' झाल्यावर मान हलवली. डावा हात मागं नेऊन हवेत काही शोधलं. "दोर कुठाय?" मग ते काठावर टेकले आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं पाय आत सोडले.

टाचा फरशीवर आपटल्या.

अनुभवात पडणाऱ्या अशा खंडांची नोंद हेच माप धरावं, असं स्लेटर आणि स्टीड यांनी २००० साली सुचवलं होतं : माणूस कधी कधी 'इथं परत येतो' ते मोजा. खेप चांगली अकरा मिनिटं चालली होती आणि मला दिसलेला खंड हा एकच. नाना क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बूड वर आलं की रं." आणि स्वतःच हसले.

मी प्रश्न बदलला होता : 'विहीर इथं आल्यागत किती वाटलं?' पट्टीही काढून टाकली होती. नानांनी आपणहून आण्यात सांगितलं. "बारा आणे."

"उरलेले चार?"

"वास न्हाई. इतकी वली विहीर अन् वास न्हाई."

नातवाचा प्रकल्प जमा झाला. त्याच्या तक्त्यात नानांची ओळ नाही. सरासरीत बसत नाही म्हणून ती वगळायचा सल्ला त्याला मिळाला आणि गुणांचा प्रश्न असल्यामुळे त्यानं तो ऐकला. मी त्याला दोष देत नाही. ती ओळ माझ्याकडे आहे.

वासासाठी नाना पत्र्याच्या डब्यात विहिरीचा गाळ आणून देणार आहेत, खोलीच्या कोपऱ्यात ठेवायला. तो अजून आलेला नाही. औंदा पाऊस बरा झाला, विहिरी भरलेल्या आहेत. गाळ चैत्राशिवाय हाताला लागत नाही.